‘मुंबईचा जावई’ आणि दोन तालुक्यांचे करीने

प्रस्तावना

१

चित्रपटांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुतांशी परीक्षकांचे असते, आणि परीक्षक हा स्वभावतःच न्यायाधीशाच्या आसनावर बसून लिहीत असल्यामुळे कथानक कोठे सैल पडले, दिग्दर्शकाचा हात कोठे कचरला, कोणत्या नटाने भूमिकेचे सोने केले आणि कोणी माती, याचा फैसला देऊन तो मोकळा होतो. ज्याने पदरचे पैसे मोजून अथवा शेजारच्या ओसरीवर अंग चोरून बसून तोच चित्रपट पाहिला, घरी परतताना त्यावरून सोबत्याशी हुज्जत घातली, आणि पुढे वर्षानुवर्षे कोणाच्या लग्नाच्या बैठकीत, कोणाच्या वाटणीत, कोणाच्या वास्तुशांतीत त्यातला एखादा प्रसंग दाखला म्हणून उच्चारला, त्या सामान्य प्रेक्षकाचे मत मात्र कोणत्याही दप्तरी दाखल होत नाही. प्रस्तुत संग्रह ही उणीव एका चित्रपटापुरती आणि दोन तालुक्यांपुरती भरून काढू पाहतो. चित्रपट आहे राजा ठाकूर यांनी दिग्दर्शित केलेला, १९७० सालचा, कृष्णधवल ‘मुंबईचा जावई’. तालुके आहेत रायगड जिल्ह्याचे, समुद्राचे वारे न लागणारे आणि घाटाच्या पायथ्याशी पहुडलेले, कर्जत व खालापूर.

मराठेशाहीत वतनाचा तंटा उभा राहिला म्हणजे वादी व प्रतिवादी आपापली हकीगत सुरुवातीपासून लिहून देत. त्या लेखास करीना म्हणत, आणि दोन्हीकडील करीने व साक्षी ऐकून गोतसभा जो निवाडा करी त्याचा महजर होई. संकलनकर्त्यांनी पाठविलेली ही अभिप्रायांची चळत वाचताना मला वारंवार त्या जुन्या पद्धतीची आठवण झाली, याचे कारण इतकेच की येथे बोलणारा जवळजवळ प्रत्येक इसम चित्रपटाविषयी बोलावयास आरंभ करतो आणि दोन वाक्यांच्या आत स्वतःच्या घराविषयी बोलू लागतो. त्याची खोली केवढी होती, तीत किती माणसे निजत, नवी सून आली तेव्हा कोणी कोठे हातरूण हलविले, हे तो इतक्या तपशिलाने आणि इतक्या अभिनिवेशाने सांगतो की जणू कोणी त्याच्यावर दावाच लावला आहे. अशा मजकुराला चित्रपटाचे परीक्षण समजून वाचणाऱ्याची निराशा होईल. जबानी समजून वाचणाऱ्याला मात्र त्यात पुष्कळ सापडेल.

२

प्रथम चित्रपटाविषयी चार शब्द. राजा ठाकूर हे नाव ‘पुत्र व्हावा ऐसा’, ‘रंगल्या रात्री अशा’ आणि ‘एकटी’ या चित्रपटांमुळे मराठी प्रेक्षकांस परिचित झालेले होते. पैकी १९६८ च्या ‘एकटी’ने तर घरोघरच्या स्त्रियांना पदर डोळ्यांस लावावयास भाग पाडले होते. त्याच दिग्दर्शकाने दोनच वर्षांनी संसारातल्या अडचणीकडे हसऱ्या डोळ्यांनी पाहणारे हे चित्र काढावे, ग. दि. माडगूळकरांनी त्याची गीते लिहावी, सुधीर फडक्यांनी त्यांना चाली द्याव्या, आशा भोसले व रामदास कामत यांनी ती गावी, आणि अरुण सरनाईकांसारख्या देखण्या, गात्या गळ्याच्या नटाने त्यात भूमिका करावी, हा योग सहज जुळून येणारा नव्हता. कथा पुरती चिमुकली आहे. मोकळ्या घरात वाढलेली एक मुलगी मुंबईकर तरुणाशी विवाहबद्ध होऊन त्याच्या भरल्या घरी येते आणि तिला कळून चुकते की येथे सासू, सासरे, दीर, जाऊ सगळे आहेत, माया आहे, थट्टामस्करी आहे, नाही ती फक्त जागा. नवपरिणीत दांपत्यास दोन शब्द एकान्तात बोलण्याचीही पंचाईत होते, स्वयंपाकघर हेच त्यांचे शयनगृह ठरते, माहेरचे माणूस हा प्रकार पाहून लेकीला परत न्यावयास निघते, आणि ती, त्या दाटीतल्या मायेने बांधली जाऊन, त्याच घरात राहते. या कथेत खलपुरुष नाही. कोणी कोणाचा छळ करीत नाही. सर्व माणसे चांगली असून संकट उभे राहते, आणि त्याचे निवारणही माणसांच्या चांगुलपणानेच होते.

मराठी कौटुंबिक विनोदपटांची परंपरा ज्यांना ठाऊक आहे त्यांना येथे एक गोष्ट ध्यानी येईल. १९४० साली मास्टर विनायक यांनी चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाला ‘लग्न पहावे करून’मध्ये पडद्यावर आणले, तेव्हा हसण्याचा विषय होता लग्न जमविण्याची खटपट. १९५२ साली राजा परांजपे यांच्या ‘लाखाची गोष्ट’मध्ये तो विषय झाला पैसा, एक लाख रुपये महिन्याभरात खर्च करून दाखविण्याची अट दोन कफल्लक तरुणांपुढे टाकली जाते आणि प्रेक्षकांची हसता हसता मुरकुंडी वळते. १९७० साली लग्न जमले आहे, नोकरी आहे, पगार दरमहा येतो आहे. आता हसण्याचा विषय झाली आहे जागा. तीस वर्षांत मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाच्या चिंतेचे केंद्र कसे सरकत गेले याचा याहून सुटसुटीत आलेख सरकारी अहवालांतूनही मिळणे अवघड आहे.

चित्रपट कृष्णधवल का, या प्रश्नाचे उत्तर रोकडे आहे. प्रभात कंपनीने १९३३ सालीच ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचा घाट घातला होता व त्यासाठी जर्मनीपर्यंत धाव घेतली होती. परंतु रंगीत फिल्म परदेशातून आणावयाची, तिच्यावर परकीय चलन खर्चावयाचे, आणि मराठीचा बाजार तो केवढा, या हिशेबात सामान्य मराठी निर्मात्याला १९७० सालीही काळ्यापांढऱ्यावाचून गत्यंतर नव्हते. व्ही. शांतारामांच्या ‘पिंजरा’ने १९७२ मध्ये रंगाचा मार्ग प्रशस्त केला. त्याच वर्षी ‘मुंबईचा जावई’ची कथा बासू चटर्जी यांनी हिंदीत ‘पिया का घर’ या नावाने रंगीत केली आणि जया भादुरी त्यातली सून झाली. परिणाम असा की या संग्रहातल्या कित्येक प्रेक्षकांच्या स्मरणात दोन्ही चित्रे एकमेकांत इतकी मिसळून गेली आहेत की मराठी सुनेच्या अंगावरचे लुगडे कोणी हिरवे सांगतो, कोणी डाळिंबी. संकलनकर्त्यांनी अशा ठिकाणी दुरुस्ती केलेली नाही, हे मला योग्य वाटते; साक्षीदाराच्या तोंडचे शब्द बदलण्याचा अधिकार कारकुनाला नसतो.

३

या हास्याच्या पाठीशी जी वस्तुस्थिती उभी होती तिचा परिचय आजच्या तरुण वाचकास करून देणे आवश्यक आहे. १९६१ च्या खानेसुमारीत बृहन्मुंबईची लोकसंख्या साडेएक्केचाळीस लाखांच्या आसपास होती. १९७१ साली ती साठ लाखांना टेकली. माणसे अठरा लाखांनी वाढली. त्या मानाने खोल्या वाढल्या नाहीत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली, त्यामुळे भाडेकरूस संरक्षण मिळाले हे खरे. परंतु घरमालकाला डागडुजी करण्यातही स्वारस्य उरले नाही आणि नव्या चाळी बांधून भाड्याने देण्यात तर मुळीच नाही. मग पागडी आली, आणि पागडीपायी खोली बदलणे हे सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेरचे झाले. ज्याच्या बापाला सवाशे-दीडशे चौरस फुटांची जागा मिळाली होती, त्याने तीतच लग्न करावे, तीतच पोरे वाढवावी आणि त्या पोरांचीही लग्ने तीतच लावावी, हा क्रम होऊन बसला. वरळी, नायगाव, शिवडी व ना. म. जोशी मार्ग येथे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सरकारने बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतली खोली एकशे साठ चौरस फुटांची. एवढ्या जागेत तीन पिढ्या राहिल्या आणि त्यांनी गणपती बसविले, बारसी केली, बाळंतपणे काढली. चित्रपटकर्त्यांनी अतिशयोक्ती केली, असे म्हणण्यास येथे जागाच नाही.

शासनाला या प्रश्नाची जाणीव नव्हती असेही नव्हे. मोडकळीस आलेल्या इमारतींच्या दुरुस्तीचा कायदा १९६९ चा. खाडीपलीकडे नवी मुंबई वसविण्याकरिता सिडकोची स्थापना मार्च १९७० ची. म्हणजे पडद्यावर नवदांपत्य स्वयंपाकघरात हातरूण घालीत होते त्याच वर्षी, कागदावर का होईना, त्यांच्यासाठी एक आखे नगर आखले जात होते. ही समकालीनता मी येथे मुद्दाम नमूद करतो. तिचा उपयोग पुढे होणार आहे.

४

आता दोन तालुक्यांकडे वळू. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरात कर्जत हा ठाणे जिल्ह्याचा तालुका म्हणून वर्णिलेला असून खालापूर हा त्याचाच पेटा होता. पुढे हा मुलूख कुलाबा जिल्ह्यात गेला आणि कुलाब्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. कागदोपत्री जिल्हे बदलले, परंतु या भूभागाचा खरा स्वामी पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोहमार्ग हाच होता. १८५६ साली रेल्वे घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत येऊन थबकली, १८६३ साली बोरघाट चढून पलीकडे गेली, आणि घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून ढकलणारी बँकर एंजिने लावण्याचे ठिकाण म्हणून कर्जत हे रेल्वेच्या नकाशावर कायमचे उमटले. टाटांनी १९१५ साली खोपोलीस वीजगृह उभारले. घाटमाथ्यावरचे पाणी नळांतून खाली येऊन मुंबईच्या गिरण्या चालवू लागले आणि वापरून झाले की पाताळगंगेत सोडले जाऊ लागले. इकडचे पाणी, इकडचे दूध, इकडचा भाजीपाला आणि इकडची तरुण पोरे असे सर्व काही मुंबईकडे वाहत गेले, आणि त्याच्या मोबदल्यात मुंबईहून दरमहा मनीऑर्डर व वर्षाकाठी एखादा जावई आला.

म्हणूनच या चित्रपटाविषयी मत विचारण्यास हे दोन तालुके मला विशेष अनुरूप वाटतात. कोल्हापूर वा नागपूरच्या प्रेक्षकाला मुंबईची दाटी ही ऐकीव गोष्ट. गिरगाव-परळच्या प्रेक्षकाला ती अंगवळणी पडलेली. कर्जत-खालापूरचा माणूस मात्र दोन्ही घरांत नांदलेला असतो. कडाव, कशेळे, वावोशी, चौक या बाजूची पडवी-ओटी-माजघराची घरे त्याने पाहिलेली असतात आणि लालबागच्या गाळ्यात मामाकडे राहून त्याने शाळेचे एखादे वर्षही काढलेले असते. कथेतल्या मुलीचे माहेर आणि तिचे सासर यांमधले अंतर त्याच्या लेखी दोन-अडीच तासांच्या गाडीप्रवासाचे आहे.

चित्रपट येथे पोहोचला तो तीन वाटांनी. काहींनी तो गावच्या चित्रपटगृहात पाहिला. काहींनी तंबूत, आणि तंबूला ऋतूचे बंधन होते, कारण जेथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो तेथे आषाढ-श्रावणात कनात टिकणे अशक्य. साजगावच्या विठोबाची जत्रा, जिच्यात सुक्या बोंबलांची उलाढाल एवढी मोठी की भाविकांनी देवालाच बोंबल्या विठोबा म्हणावे, ती कार्तिकात भरली म्हणजे करमणुकीचा हंगाम उघडे आणि शिमग्यापर्यंत गावोगाव चाले. बहुसंख्य प्रेक्षकांना मात्र हे चित्र मुंबई दूरदर्शनने दाखविले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी ते केंद्र सुरू झाले, शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट हा पुढे परिपाठ पडला, आणि ज्याच्या घरी संच आहे त्याच्या ओटीवर अर्धी आळी जमू लागली. बांबूला बांधलेली अँटेना फिरविण्यास एक पोरगा कौलांवर चढलेला, आतून “आलं, आलं… गेलं!” असा पुकारा, आणि खाली चाळीस माणसे दहा बाय बाराच्या ओटीत गुडघ्यास गुडघा लावून बसलेली, अशा अवस्थेत जागेच्या टंचाईवरचा हा विनोद पाहिला गेला, ही परिस्थिती अभिप्राय वाचताना विसरता कामा नये.

५

अभिप्रायांत सर्वांत मौलिक भाग मला स्त्रियांचा वाटला, आणि तो आपल्या हाती कसा आला हेही सांगण्याजोगे आहे. संकलनकर्ते घरी गेले म्हणजे प्रथम बोले घरातला कर्ता पुरुष, तोही बहुधा गाण्यांविषयी. ही गाणी आकाशवाणीवर त्याने इतकी ऐकलेली असत की चित्र पाहण्यापूर्वीच ती त्याला पाठ होती. तो बोलत असता आतून, भाकरी थापण्याचा आवाज थांबवून, दुरुस्तीचे एखादे वाक्य येई. संकलनकर्त्यांनी ती वाक्ये टिपून घेतली, नंतर आत जाऊन पुन्हा विचारले, आणि या ग्रंथातली उत्तम पाने जन्मास आली. सदतीस वर्षे शिवडीच्या चाळीत काढून आता नेरळजवळ मुलाकडे राहणाऱ्या एका आजीबाईंचा आक्षेप पाहा. त्या म्हणतात की चित्र चांगले आहे, माणसे गोड आहेत, परंतु नवराबायको स्वयंपाकघरात निजतात हे दाखविणाऱ्याने नळाचा विचार केलेला दिसत नाही. मोरी स्वयंपाकघरात, नळाला पाणी पहाटे चारला, ते तासाभरात जाणार. पिंप, हंडे, कळश्या भरण्यास सासू किंवा जाऊ चारच्या ठोक्याला आत येणारच. “मग ती दोघं निजायची कधी?” हा त्यांचा प्रश्न. पुढे त्यांनी स्वतःच्या घरची वहिवाट सांगितली आहे: नवी सून आली तेव्हा सासूने पहिले वर्षभर रात्रीच पाणी साठवून ठेवण्याची तजवीज केली, एक जादा पिंप आणले, आणि त्यामागचे कारण कधी बोलून दाखविले नाही. जे सौजन्य दाखविण्यास चित्रपटाला शेवटचा मोठा प्रसंग रचावा लागला ते त्या सासूने एका पत्र्याच्या पिंपात उरकले. परीक्षकाच्या लेखणीतून ही टीका उतरणे शक्य नव्हते, कारण पहाटे चारला पाणी भरण्याचे काम परीक्षकाने केलेले नसते.

मुलीकडच्या पुरुषांचे करीने निराळ्या स्वरातले आहेत. दरमहाच्या पगाराकडे पाहून ज्यांनी लेकी मुंबईस दिल्या त्या शेतकरी बापांना या चित्रात हसू कमी आणि खजील होणे अधिक वाटले. त्यांतले कित्येक सांगतात की त्याआधी स्थळ पाहताना नोकरी कायम आहे की हंगामी एवढेच विचारले जाई. पुढे खोली किती, माणसे किती, आणि मोरी आत की बाहेर, हेही प्रश्न बैठकीत येऊ लागले. एका चित्रपटाने वधूपित्यांस प्रश्न विचारावयास शिकविले असे विधान मी करणार नाही, कारण काळही बदलत होता. पण असे त्यांचे स्वतःचे म्हणणे आहे आणि ते येथे दाखल आहे. मुलीकडच्या स्त्रियांनी चित्रपटाच्या नावाविषयीही तकरार केली आहे: नाव जावयाचे आणि सोसणे सुनेचे, हा न्याय त्यांना पटलेला नाही.

रेल्वेच्या पासवाल्यांचा वर्ग यानंतर येतो. कर्जतहून मुंबई शंभर किलोमीटर. पहाटेची गाडी, डब्यातली भजने, पत्त्यांचा डाव, रात्री परत. यांतल्या पुष्कळांनी मुंबईतली खोली भावाला सोडून दिली, कारण त्यांच्या संसारावर नेमका हाच प्रसंग ओढवला होता. बायकोला बंद करता येईल असे एक दार मिळावे म्हणून त्यांनी रोजचे चार-पाच तास रुळांवर घालविले. त्यांचे मत मार्मिक आहे. चित्रातल्या जोडप्याला वेळ होता, जागा नव्हती. आम्हांला जागा मिळाली, वेळ गेला. आणि पुढे ते असेही जोडतात की आपल्या अडचणीवर कोणी चित्र काढलेले नाही, कारण रिकाम्या घरात विनोद घडत नाही.

गिरणीत राबून परतलेल्या वृद्धांना तर मध्यमवर्गाची ती दाटी ऐषआरामाची वाटते. ज्या गाळ्यात तीन पाळ्यांचे कामगार आळीपाळीने एकाच जागी अंग टाकीत, दिवसपाळीवाल्याने वळकटी गुंडाळली की रातपाळीवाल्याने आपली उलगडावी, त्या गाळ्यात बायको आणण्याचा विचारच संभवत नव्हता. ती गावी शेती पाहत राहिली, आणि होळी-गणपतीस भेट. या माणसांच्या लेखी कथेतला नवरदेव हा भाग्यवान इसम आहे.

आणि शेवटी आदिवासी वाड्यांवरचे करीने, जे पृष्ठसंख्येने अत्यल्प असले तरी या ग्रंथाचा पाया हलविणारे आहेत. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर सहकुटुंब जाऊन पावसाच्या तोंडाशी परतणाऱ्या कातकऱ्यांचे घर म्हणजे कुडाची एक खोली. भट्टीवर तेवढीही नाही. त्यांच्यापैकी ज्यांनी हे चित्र दूरदर्शनवर पाहिले त्यांना त्यात हसू कशाचे यावे हेच उमगले नाही. एका खोलीत सासूसासरे, लेक-सून, पोरे निजतात, यात कथा ती कोणती? एकान्त हा आपला हक्क आहे अशी ज्याची समजूत आहे त्यालाच तो न मिळाल्याचा प्रसंग विनोदी अथवा दुःखद वाटतो, ही गोष्ट त्यांच्या तुटक उत्तरांनी जितकी स्पष्ट केली आहे तितकी विनोदावरच्या कोणत्याही प्रबंधाने माझ्यापुरती केलेली नाही.

तरुणांचा आक्षेप व्यवहारी आहे. नव्या इमारतींतल्या सदनिकांत वाढलेली ही मुले विचारतात की त्या दोघांनी इकडे कर्जत-बदलापूरला घर का घेतले नाही? त्यांच्या माहितीसाठी सांगणे प्राप्त आहे की सामान्य पगारदारास घरासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज देणारी एच. डी. एफ. सी. ही संस्था १९७७ साली निघाली. तोवर घर बांधणे म्हणजे भविष्यनिर्वाह निधी, बायकोचे दागिने आणि गावची जमीन यांची बेरीज. आज त्याच जमिनींवर मुंबईकरांची फार्महाउसे उभी आहेत, दोन-दोन खोल्या कुलुपात आहेत, आणि कुलपाची किल्ली सांभाळणारा रखवालदार आपल्या कुटुंबासह फाटकाजवळच्या एका खोलीत राहतो. त्या रखवालदाराचाही अभिप्राय संग्रहात आहे. तो दोन ओळींचा आहे आणि त्यात गाण्यांची स्तुती आहे, याहून अधिक बोलण्याची त्याला गरज वाटलेली नाही.

सून अखेर राहते, हा शेवट योग्य की अयोग्य, यावर मतभेद व्हावयाचेच. मला विस्मय वाटला तो मतांच्या विभागणीचा. तरुण मुली शेवटास नावे ठेवतील आणि म्हाताऱ्या त्याची पाठराखण करतील, ही अपेक्षा फोल ठरली आहे. ज्या स्त्रिया स्वतः तशा घरात राहिल्या त्यांतल्या निम्म्याअधिक म्हणतात की तिने माहेरी जावयास हवे होते, चार महिने तरी. आणि ज्या मुलींनी तसली दाटी कधी अनुभवली नाही त्यांना मात्र ते भरले घर हेवा करण्याजोगे वाटते. दाटी ज्यांनी सोसली त्यांना तिचे प्रेम नाही, आणि ज्यांनी सोसली नाही त्यांना तिची ओढ आहे.

६

एवढ्या परस्परविरोधी साक्षींतून काही निष्कर्ष काढावयाचा झाला तर तो विनोदाच्या स्वरूपाविषयी निघतो. कौटुंबिक विनोदपट ज्या अडचणीवर उभा असतो ती अडचण फार काळ टिकणार नाही, असा चित्रकर्ता आणि प्रेक्षक यांच्यात एक अलिखित करार असतो. लग्न आज जमत नसले तरी उद्या जमेल, पैसा आज नसला तरी उद्या येईल, म्हणून १९४० आणि १९५२ चे हसू निर्मळ होते. १९७० सालीही प्रेक्षक मोकळेपणी हसला, कारण खाडीपलीकडे नगर वसणार होते, दुरुस्तीचा कायदा झाला होता, आणि जागेची टंचाई ही पोरवयातल्या गोवरासारखी एकदा येऊन जाणारी बाब आहे असे शहाण्यांनाही वाटत होते. अर्धशतक उलटून गेल्यावर त्या कराराची मुदत कोणाच्या घरी संपली, कोणाच्या घरी ती मोबदला बदलून चालू राहिली, आणि कोणाच्या घरी तो करार कधी झालाच नव्हता, हे या करीन्यांतून वाचता येते. चित्र सर्वांनी एकच पाहिले. जो ज्या दाराशी उभा होता तेथून त्याला हसू ऐकू आले अथवा आले नाही.

यावर महजर करण्याचा अधिकार प्रस्तावनाकाराकडे नाही, आणि संकलनकर्त्यांनीही तो आपणाकडे घेतलेला नाही, ही त्यांच्या विवेकाची खूण होय. त्यांच्या कामातली एक उणीव मात्र दाखविली पाहिजे: रेल्वेच्या वसाहतीतल्या व खोपोलीच्या कारखान्यांतल्या परप्रांतीय कुटुंबांकडे ते गेले नाहीत, वास्तविक त्यांनी हीच कथा हिंदीतून पाहिलेली असणार आणि त्यांच्या खोल्याही लहानच होत्या. दुसऱ्या आवृत्तीत ती भर पडावी. वाचकांना माझी विनंती इतकीच की त्यांनी हा ग्रंथ उघडण्यापूर्वी आपल्या घरातल्या माणसांसमवेत चित्रपट पुन्हा पाहावा, संपल्यावर प्रत्येकाचे मत विचारावे, आणि विचारताना आरंभ बैठकीच्या खोलीपासून न करता स्वयंपाकघरातल्या माणसापासून करावा. बैठकीतले मत मागाहून आले तरी चालण्यासारखे आहे.